'अमेरिकन फॅक्टरी' आणि तळेगावचा कारखाना : अमेरिकी-चिनी भांडवलाच्या व्यवहारातील कामगाराचे स्थान – एक चिकित्सा

प्रस्तावना

जागतिकीकरणाच्या चर्चेत अमेरिका आणि चीन ही दोन नावे बहुधा परस्परांचे प्रतिस्पर्धी म्हणून घेतली जातात. २०१८ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या मालावर वाढीव आयातशुल्क लावण्यास सुरुवात केल्यानंतर 'व्यापारयुद्ध' हा शब्द मराठी वृत्तपत्रांतही रूढ झाला. परंतु देशांच्या पातळीवर जो संघर्ष दिसतो तो कंपन्यांच्या पातळीवर तसाच असतो असे नाही. जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने १९९७ मध्येच शांघायच्या 'सैक' या चिनी सरकारी कंपनीशी भागीदारी केली. २००५ मध्ये आय.बी.एम.ने आपला वैयक्तिक संगणकांचा व्यवसाय लेनोव्हो या चिनी कंपनीस विकला. पुण्याजवळ रांजणगावला ज्या हायर कंपनीचा कारखाना आहे, त्याच हायरने २०१६ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचा गृहोपयोगी उपकरणांचा व्यवसाय सुमारे ५४० कोटी डॉलर्सना विकत घेतला. म्हणजेच स्पर्धा आणि भागीदारी या दोन्ही प्रक्रिया एकाच वेळी चालू राहिल्या आहेत.

या प्रक्रियेचे चित्रण करणारी एक महत्त्वाची कलाकृती म्हणजे स्टीव्हन बोग्नार व ज्युलिया रायकर्ट या दिग्दर्शकद्वयाचा 'अमेरिकन फॅक्टरी' (२०१९) हा माहितीपट होय. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यास सर्वोत्कृष्ट माहितीपटाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले. त्याच्या आदल्याच महिन्यात जनरल मोटर्सने पुणे जिल्ह्यातील तळेगाव दाभाडे येथील आपला कारखाना ग्रेट वॉल मोटर्स या चिनी कंपनीस विकण्याचा करार जाहीर केला होता. अमेरिकी कंपनीने सोडलेला कारखाना चिनी कंपनीने घेणे हा माहितीपटाचा विषय. आणि तशीच घटना महाराष्ट्राच्या भूमीवर घडू पाहत होती. हा योगायोग केवळ तारखांचा नाही. दोन्ही ठिकाणी कारखाना सोडून जाणारी कंपनी एकच आहे.

प्रस्तुत लेखात 'अमेरिकन फॅक्टरी'ची चिकित्सा तळेगावच्या अनुभवाच्या प्रकाशात करण्याचा प्रयत्न केला आहे. अमेरिकी व चिनी संस्कृतींचा संघर्ष ही या माहितीपटाची सर्वपरिचित ओळख आहे. ती ओळख अपुरी आहे, आणि मालकीच्या अशा देवाणघेवाणीत कामगाराचा कारखान्यावरील हक्क कोठे जातो हा त्यातील खरा प्रश्न आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

माहितीपटाचा आशय व मांडणी

अमेरिकेतील ओहायो राज्यात डेटन शहरालगत मोरेन नावाचे गाव आहे. तेथील जनरल मोटर्सचा मोटारनिर्मितीचा कारखाना २३ डिसेंबर २००८ रोजी बंद झाला. याच दिग्दर्शकांनी त्या बंद होण्यावर 'द लास्ट ट्रक' (२००९) हा लघुमाहितीपट केला होता. २०१४ मध्ये फुयाओ या चिनी कंपनीने ती रिकामी वास्तू विकत घेतली. काओ देवांग हे या कंपनीचे संस्थापक व अध्यक्ष. फुयाओ ही मोटारींच्या काचा तयार करणारी जगातील अग्रगण्य कंपनी आहे. मोरेनला तिने सुमारे दोन हजार अमेरिकी कामगारांना काम दिले, आणि त्यांना शिकवण्यासाठी चीनमधून काही शे कुशल कामगार आणले.

माहितीपट या टप्प्यापासून सुरू होतो. प्रारंभी दोन्ही बाजूंना उत्साह आहे. जनरल मोटर्समध्ये तासाला एकोणतीस डॉलर्सहून अधिक मिळवणारी एक कामगार स्त्री येथे १२.८४ डॉलर्सवर काम करते, आणि तरीही काम मिळाल्याचे समाधान व्यक्त करते. भट्टीवर काम करणारा एक चिनी कामगार दोन वर्षे कुटुंबापासून दूर राहून अमेरिकी सहकाऱ्यांना आपले कसब शिकवतो, आणि त्यांच्यात मैत्री जुळते. पुढे मात्र उत्पादनाचे उद्दिष्ट गाठले जात नाही. कंपनीला तोटा होतो. अमेरिकी व्यवस्थापक बदलून त्यांच्या जागी चिनी व्यवस्थापन येते. कामाचा वेग, सुरक्षितता आणि वेतन यांवरून असंतोष वाढतो आणि कामगार संघटनेची मागणी पुढे येते. नोव्हेंबर २०१७ मध्ये युनायटेड ऑटो वर्कर्स या संघटनेला मान्यता द्यावी की नाही यावर मतदान होते. संघटनेच्या बाजूने ४४४ आणि विरोधात ८६८ मते पडतात. अखेरच्या भागात अध्यक्ष कारखान्यातून फिरत असताना कोणत्या कामावर माणसाऐवजी यंत्र बसवता येईल याची माहिती व्यवस्थापक त्यांना देत असतात.

मांडणीच्या दृष्टीने हा माहितीपट निवेदकाशिवाय उभा राहतो. प्रेक्षकाला काय वाटावे हे सांगणारा आवाज त्यात नाही. व्यवस्थापकांच्या बैठका, कामगारांचे जेवणाचे टेबल, मतदानापूर्वीची सक्तीची व्याख्याने, चीनमधील वार्षिक समारंभ अशा प्रसंगांतून आशय उलगडत जातो.

माहितीपटाची शक्तिस्थाने

'अमेरिकन फॅक्टरी'चे पहिले सामर्थ्य म्हणजे त्याने कोणालाही सरसकट खलनायक केलेले नाही. अध्यक्ष काओ देवांग हे कठोर मालक आहेत. परंतु एका प्रसंगी ते आपल्या बालपणीच्या गरीब परंतु समाधानी दिवसांची आठवण काढतात, आणि इतके कारखाने उभारून आपण समाजाचे भले केले की पर्यावरणाचे अपराधी ठरलो, असा प्रश्न स्वतःलाच विचारतात. चिनी कामगारही येथे यंत्रवत नाहीत. घराच्या आठवणीने व्याकूळ होणारी, भाषा न कळणारी, तरीही नेटाने काम करणारी ही माणसे आहेत.

दुसरे सामर्थ्य तपशिलाच्या निवडीत आहे. अमेरिकी पर्यवेक्षक चीनमधील मुख्य कारखान्यास भेट देतात तेव्हा फुटक्या काचांच्या ढिगातून पुरेशा संरक्षक साधनांशिवाय तुकडे वेचणारे कामगार त्यांना दिसतात. तेथील कामगार बारा-बारा तास काम करतात, आणि महिन्यातून एखाद-दुसरीच सुट्टी घेतात. त्या कारखान्यात कामगार संघटना आहे. परंतु तिचा प्रमुख पक्षाचा सचिव आणि शिवाय अध्यक्षांचा नातेवाईक आहे. संघटना असणे आणि कामगाराला आवाज असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोणत्याही भाष्याविना येथे प्रत्ययास येते. दुसरीकडे लोकशाही अमेरिकेत संघटना होऊ नये यासाठी व्यावसायिक सल्लागार नेमले जातात, आणि त्यांच्यावर दहा लाख डॉलर्सहून अधिक खर्च होतो. एका देशात संघटना मालकाच्या घरातली आणि दुसऱ्या देशात ती दाराबाहेर, हा विरोधाभास माहितीपटाने नेमका टिपला आहे.

तिसरे सामर्थ्य म्हणजे मतदानाच्या निकालाचे चित्रण. संघटनेचा पराभव ८६८ विरुद्ध ४४४ अशा मोठ्या फरकाने झाला. मालकाच्या दडपणामुळे तो झाला एवढेच कारण पुरेसे नाही. मतदानापूर्वी कंपनीने तासाला दोन डॉलर्सची वेतनवाढ दिली होती. शिवाय जे कामगार सहा-सात वर्षे बेकारीत राहिले होते, त्यांच्या मनात कारखाना पुन्हा बंद पडण्याचे भय होते. ही गुंतागुंत माहितीपट लपवत नाही.

संस्कृतिसंघर्षाच्या मांडणीची मर्यादा

असे असले तरी माहितीपटाची एकूण रचना 'आम्ही आणि ते' या द्वंद्वावर उभी आहे. अमेरिकी कामगार जाडजूड, गप्पिष्ट व हक्कांविषयी जागरूक. चिनी कामगार शिस्तबद्ध, अबोल व कंपनीनिष्ठ अशी प्रतिमा पुन्हा पुन्हा समोर येते. सकाळच्या हजेरीची लष्करी पद्धत, वार्षिक समारंभातील समूहगीते, रंगमंचावर होणारे कर्मचाऱ्यांचे सामूहिक विवाह हे प्रसंग अमेरिकी प्रेक्षकास विस्मयकारक वाटावेत अशाच रीतीने गुंफले आहेत. चिनी व्यवस्थापकांच्या एका बैठकीत अमेरिकी माणसाला कसे गोंजारावे याचा धडा गाढवाच्या उदाहरणाने दिला जातो, तेव्हा हशा पिकतो, पण त्याबरोबर प्रश्नाचे स्वरूपही बदलते. वेतन कमी का, वेग जास्त का, जखमा का होतात, हे प्रश्न 'दोन संस्कृतींचा मेळ बसत नाही' या एका उत्तरात विरघळून जातात.

वस्तुतः माहितीपटातीलच पुरावे या उत्तराविरुद्ध जातात. वेतन निम्म्याहून खाली आले ते चिनी संस्कृतीमुळे नव्हे. जुन्या कारखान्यातील कामगारांची संघटना, तिने मिळवलेले करार आणि सेवाज्येष्ठता या साऱ्या गोष्टी २००८ मध्ये कारखान्याबरोबरच संपल्या होत्या. फुयाओला मिळाली ती वास्तू, वीज, रस्ता आणि कामासाठी आसुसलेली माणसे. जुन्या कराराचे ओझे तिच्यावर आले नाही. ते ओझे उतरवण्याचे काम जनरल मोटर्सने आधीच केले होते. परंतु ती कंपनी माहितीपटात जवळजवळ अनुपस्थित आहे. जुन्या सुखाची आठवण एवढेच तिचे स्थान उरते. कारखाना सोडून गेलेली कंपनी त्याच काळात जगात अन्यत्र काय करीत होती, हा प्रश्न माहितीपट विचारत नाही. त्याचे उत्तर शोधावयाचे तर तळेगावला यावे लागते.

२००८ : एक कारखाना बंद, एक सुरू

मोरेनचा कारखाना डिसेंबर २००८ मध्ये बंद झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये याच जनरल मोटर्सने तळेगाव दाभाडे येथे आपला भारतातील दुसरा कारखाना सुरू केला. पहिला गुजरातेत हालोल येथे होता. तळेगावच्या कारखान्याची प्रारंभीची क्षमता वर्षाला १ लाख ४० हजार मोटारी एवढी होती. डेटनच्या कामगारांच्या दृष्टीने जे वर्ष शेवटाचे, ते मावळातील तरुणांच्या दृष्टीने आरंभाचे ठरले. यातून मोरेनचे काम तळेगावला आले असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. मोरेनला मोठ्या आकाराच्या गाड्या बनत, तर तळेगावला लहान. मुद्दा एवढाच की एकच कंपनी एकाच वर्षी एका ठिकाणचा पसारा आवरीत होती व दुसरीकडे मांडीत होती.

पुढील घटनाक्रम याहून बोलका आहे. जून २००९ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेत दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले. डिसेंबर २००९ मध्ये तिने चीनमधील सैक या भागीदार कंपनीला भारतातील व्यवसायातही निम्मी भागीदारी देऊ केली. चिनी भांडवल व चिनी उत्पादने घेऊन भारतात वाढण्याचा हा बेत होता. २०१० मध्ये तर जनरल मोटर्सच्या मोटारी अमेरिकेपेक्षा चीनमध्ये अधिक विकल्या गेल्या. शांघायच्या भागीदारीत विकसित झालेली 'सेल' ही मोटार २०१२ मध्ये शेवरोले या अमेरिकी नावाने भारतीय बाजारात आली. बोधचिन्ह अमेरिकी, विकास चिनी आणि ग्राहक भारतीय अशी ती वस्तू होती. माहितीपटात ज्या दोन देशांतील अंतर इतके रुंद दिसते, त्यांच्या कंपन्या महाराष्ट्रात व गुजरातेत एकाच व्यवसायात मांडीला मांडी लावून बसल्या होत्या. पुढे सैकने भारतातील आपला वाटा कमी केला, व व्यवसायाची सूत्रे पुन्हा जनरल मोटर्सकडे आली.

भारतात मात्र या मोटारींना अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही. एप्रिल २०१७ मध्ये हालोलचा कारखाना बंद झाला, आणि तो सैकनेच घेतला. तेथून २०१९ पासून एम.जी. या जुन्या ब्रिटिश नावाच्या मोटारी बाजारात येऊ लागल्या. २०१७ च्या अखेरीस जनरल मोटर्सने भारतातील विक्री थांबवली. तळेगावचा कारखाना तेवढा निर्यातीसाठी, मुख्यतः मेक्सिकोसाठी, चालू राहिला.

तळेगावचा अपुरा राहिलेला सौदा

जानेवारी २०२० मध्ये ग्रेट वॉल मोटर्सशी करार जाहीर झाला. हालोलप्रमाणेच हाही कारखाना अमेरिकी हातातून चिनी हातात जाईल असे सर्वांनी गृहीत धरले. परंतु १७ एप्रिल २०२० रोजी केंद्र शासनाने भारताशी भूसीमा असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीस शासनाची पूर्वपरवानगी आवश्यक केली. १५ जून २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने 'मॅग्नेटिक महाराष्ट्र २.०' या उपक्रमात सामंजस्य करार केले. त्यांत ग्रेट वॉल मोटर्सच्या ३,७७० कोटी रुपयांच्या गुंतवणुकीचा समावेश होता. त्याच रात्री गलवान खोऱ्यात चिनी सैन्याशी झालेल्या संघर्षात भारताचे २० जवान हुतात्मा झाले. काही दिवसांतच राज्य शासनाने चिनी कंपन्यांसोबतचे हे करार 'जैसे थे' ठेवल्याचे जाहीर केले. केंद्राची परवानगी आली नाही. मुदतवाढीनंतर जून २०२२ अखेर ग्रेट वॉलचा करार संपुष्टात आला. ऑगस्ट २०२३ मध्ये हुंदाई या दक्षिण कोरियाच्या कंपनीने कारखाना घेण्याचा करार केला, आणि २०२५ मध्ये तेथून तिच्या मोटारींचे उत्पादन सुरू झाले.

सीमेवर जवानांचे रक्त सांडले असताना शासनाने चिनी गुंतवणुकीविषयी सावध भूमिका घेणे समजण्यासारखे आहे. तीविषयी येथे वाद घालण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. या साऱ्या घटनाक्रमात तळेगावचा कामगार कोठे होता?

डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन थांबले. त्या वेळी कारखान्यात सुमारे चौदाशे कायम कामगार होते. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ नुसार शंभर वा अधिक कामगार असलेला कारखाना बंद करण्यापूर्वी शासनाची परवानगी आवश्यक होती. कामगार संघटनेने बंदीला आव्हान दिले. २०२१ मध्ये कामगारांना ले-ऑफ देण्यात आला, आणि प्रश्न औद्योगिक न्यायाधिकरण व न्यायालयापर्यंत गेला. कारखाना नव्या मालकाकडे जाणार असेल तर कामगारही त्याच्याबरोबर जावेत, अशी संघटनेची मूळ मागणी होती. नवा मालक चिनी असेल की कोरियाचा याविषयी तिचा आग्रह नव्हता. हुंदाईशी करार झाल्यावरही सामावून घेण्याच्या मागणीसाठी आंदोलने झाली.

येथे मोरेन व तळेगाव यांची तुलना उपयुक्त ठरते. मोरेनला विक्री पूर्ण झाली, तळेगावला ती अडली. मोरेनला राज्य शासनाने चिनी कंपनीला सवलती देऊन बोलावले, तर तळेगावला बोलावलेल्या कंपनीला शासनाने थांबवले. बाह्यतः हे परस्परविरुद्ध निर्णय आहेत. परंतु कामगाराच्या बाजूने पाहिल्यास परिणाम एकाच दिशेचा दिसतो. दोन्हीकडे जुन्या कामगाराची ज्येष्ठता, त्याचे वेतन आणि त्याचे करार नव्या मालकावर बंधनकारक झाले नाहीत. जमीन, इमारत व यंत्रे यांचे मूल्य करारात नोंदले गेले. बारा वर्षांत कामगारांच्या हातांनी जे कसब जमा केले त्याची नोंद मात्र त्या यादीत नव्हती. मालकाचे राष्ट्रीयत्व कोणते, हा प्रश्न शासनाला महत्त्वाचा वाटला. कामगाराच्या नशिबात त्याने फरक पडला नाही.

नवोपक्रम कोणाचा आणि कोणासाठी

परकीय गुंतवणुकीच्या समर्थनार्थ वाणिज्य व अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दोन मुद्दे हमखास दिले जातात : तंत्रज्ञानाचे हस्तांतरण आणि रोजगारनिर्मिती. हे दोन्ही लाभ जोडीने येतात असे त्यात गृहीत असते. 'अमेरिकन फॅक्टरी'चा शेवट या गृहीतकालाच धक्का देतो. संघटना हरल्यानंतर वर्षभरात कारखाना नफ्यात येतो आणि यंत्रहात बसू लागतात. चिनी कामगाराने अमेरिकी कामगाराला शिकवलेले कसब पुढे यंत्रात उतरते, आणि दोघेही अनावश्यक होण्याच्या मार्गाला लागतात.

तळेगावसंबंधीच्या २०२० च्या घोषणेतही हेच सूत्र होते. हा कारखाना प्रगत रोबो तंत्रज्ञान असलेला व मोठ्या प्रमाणात स्वयंचलित असेल असे ग्रेट वॉलने जाहीर केले होते. त्याच घोषणेत टप्प्याटप्प्याने तीन हजारांहून अधिक रोजगाराचे आश्वासनही होते. वृत्तपत्रांनी कोटींचा व रोजगाराचा आकडा ठळक छापला. स्वयंचलन आणि रोजगार ही दोन आश्वासने एकमेकांशी कशी जुळणार, हा प्रश्न चर्चेत आला नाही.

यंत्राला विरोध करणे हा यावरील उपाय नव्हे. काच वितळवण्याच्या भट्टीजवळचे काम यंत्राने केले तर माणसाचा जीव वाचतो. जनरल मोटर्समध्ये अनेक वर्षांत एकदाही दुखापत न झालेला कामगार फुयाओत जखमी होतो, हे माहितीपटानेच दाखवले आहे. परंतु नवोपक्रमाचा लाभ कोणाला मिळावा हे यंत्र ठरवीत नाही. ते ठरवण्याच्या बैठकीत कामगाराला जागा असते की नाही यावर ते अवलंबून असते. माहितीपट या प्रश्नाच्या उंबरठ्यापर्यंत येतो. स्वयंचलनामुळे जगभरात किती कोटी लोकांना नवे काम शोधावे लागेल याचा आकडा पडद्यावर दाखवून तो थांबतो. आकड्यामुळे भय वाटते, परंतु जबाबदारी कोणाची हे कळत नाही. संस्कृतिसंघर्षाच्या मांडणीप्रमाणेच 'यंत्रयुग' ही मांडणीही निर्णय घेणाऱ्यांना नजरेआड करते. ही या कलाकृतीची दुसरी मर्यादा होय.

वाशिम जिल्ह्याच्या संदर्भात

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला वाशिम हा सोयाबीन, तूर व कापूस पिकवणारा जिल्हा आहे. २०१८ मध्ये नीती आयोगाने त्यास आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत घेतले. मोटारनिर्मितीचा कारखाना येथे नाही. म्हणून मोरेन व तळेगाव हे विषय दूरचे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु कारखाना येथे नसला तरी कामगार येथून जातो. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, मानोरा, कारंजा या तालुक्यांतून आय.टी.आय., पदविका वा पदवी पूर्ण करून बाहेर पडणारे अनेक तरुण पुणे, चाकण, तळेगाव, रांजणगाव या पट्ट्याची वाट धरतात. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेल्यानंतर ही वाट अधिक सोपी झाली आहे. घरची कोरडवाहू शेती आणि तिकडचा शिकाऊ वा कंत्राटी कामगाराचा पगार या दोन अनिश्चिततांमध्ये त्यांचे आयुष्य उभे आहे.

या तरुणाला ज्या कंपनीत काम मिळते तिची मालकी कोणाकडे आहे, ती उद्या कोणाकडे जाणार आहे, आणि गेल्यास त्याच्या नोकरीचे काय, या प्रश्नांची जाणीव त्याला महाविद्यालयीन शिक्षण देते काय? ज्या कायद्याच्या आधारे तळेगावच्या कामगारांनी लढा दिला, त्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली आहे. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली, आणि कारखाना बंद करण्यासाठी परवानगीची अट आता तीनशे वा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनाच लागू आहे. म्हणजे दीडशे-दोनशे कामगार असलेल्या, सुटे भाग बनवणाऱ्या पूरक कारखान्यात काम करणाऱ्या तरुणाला तळेगावच्या कामगाराला होते तेवढेही संरक्षण उरलेले नाही. परकीय गुंतवणुकीचे फायदे व तोटे लिहा, या प्रश्नाच्या ठरीव उत्तरात ही गोष्ट येत नाही.

साहित्याच्या अंगानेही येथे एक पोकळी जाणवते. मुंबईच्या गिरणी कामगाराला मराठीने आवाज दिला. १९८२ च्या संपानंतरच्या उद्ध्वस्त कुटुंबाचे चित्र जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकाने उभे केले. नारायण सुर्वे यांच्या कवितेने कामगाराला मराठी कवितेत हक्काची जागा मिळवून दिली. चाकण-तळेगावच्या पट्ट्यातील कामगाराचे आयुष्य मात्र तेवढ्या प्रमाणात मराठी साहित्यात आलेले दिसत नाही. गिरणी कामगाराला आपला मालक कोण हे माहीत होते, आणि चाळीत त्याचा समाज होता. आजचा कामगार खोली भाड्याने घेऊन चार अनोळखी मुलांबरोबर राहतो, आणि त्याचा मालक तीन खंडांत विभागलेला असतो. हे नवे वास्तव मांडण्यासाठी 'अमेरिकन फॅक्टरी'सारख्या कलाकृतीची संयत, निवेदकाविना दाखवण्याची पद्धत मराठी लेखकांस व माहितीपटकारांस मार्गदर्शक ठरू शकेल. तिची चौकट मात्र जशीच्या तशी घेऊ नये.

समारोप

'अमेरिकन फॅक्टरी' हा कारखान्याच्या आतील जीवनाचा प्रामाणिक दस्तऐवज आहे. माणसांकडे सहानुभूतीने पाहण्याची दृष्टी, तपशिलाची अचूक निवड आणि निकालाची गुंतागुंत न लपवण्याचे धैर्य हे त्याचे गुण आहेत. परंतु दोन राष्ट्रांच्या संस्कृतींचा संघर्ष या चौकटीत आशय बसवताना त्याने कारखाना सोडून गेलेल्या कंपनीला प्रश्नाबाहेर ठेवले. २००८ पासूनचा तळेगावचा इतिहास त्याच्या शेजारी ठेवला असता ही उणीव स्पष्ट होते. अमेरिकी व चिनी कंपन्यांना एकमेकींशी भागीदारी करणे, एकमेकींची मोटार आपल्या नावाने विकणे आणि एकमेकींचे कारखाने घेणे कधी फारसे अवघड गेले नाही. अडथळा आला तो शासनांच्या संघर्षामुळे. आणि सौदा पूर्ण झाला काय किंवा फिसकटला काय, कामगाराचा हक्क दोन्ही वेळा मागेच राहिला.

म्हणून अशा व्यवहारांचे मूल्यमापन करताना गुंतवणुकीची रक्कम आणि गुंतवणूकदाराचा देश या दोन निकषांबरोबर तिसरा निकष आवश्यक ठरतो : मालकी बदलताना कामगाराची सेवा, वेतन आणि संघटनेचा अधिकार अबाधित राहतो काय? वाणिज्य, अर्थशास्त्र, समाजशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्र येऊन हा माहितीपट विद्यार्थ्यांना दाखवावा, आणि त्याच्याबरोबर तळेगावची हकीकतही सांगावी. जो विद्यार्थी उद्या बॅग भरून पुण्याच्या गाडीत बसणार आहे, त्याला कारखान्याच्या फाटकावरील पाटी बदलली तर आपल्या नेमणूकपत्रातील कोणते कलम प्रथम वाचावे, एवढे तरी शिक्षणातून कळले पाहिजे.